गिफ्ट कार्डांची पुनर्विक्री आणि नोंदी

प्रश्न : कंपनीकडून भेट मिळालेली गिफ्ट कार्डे मी ओळखीच्यांना थोड्या सवलतीत विकतो. आता अनोळखी लोकांकडूनही कार्डे घेऊन विकावीत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अनोळखी माणसाकडून कार्डे घेऊ नयेत, असेच आमचे स्पष्ट मत आहे. सायबर फसवणुकीतला पैसा झटपट फिरवण्यासाठी गिफ्ट कार्डांचा सर्रास वापर होतो. त्यामुळे तुम्ही घेतलेले कार्ड अशा पैशातले निघाले, किंवा खरेदीदाराने पाठवलेली रक्कमच कुणाची तरी लुबाडलेली असली, तर तक्रार परराज्यात नोंदवलेली असूनही तुमचे बँक खाते गोठवले जाऊ शकते आणि आपला व्यवहार प्रामाणिक होता, हे तुम्हाला कागदोपत्री दाखवावे लागते. शिवाय कार्ड जारी करणाऱ्या अनेक कंपन्यांच्या अटींत पुनर्विक्रीला मनाईच असते.

ओळखीतल्या व्यवहाराचीही नोंद हवी. कार्ड कोठून मिळाले, दर्शनी किंमत, मुदत, क्रमांकाचे शेवटचे चार अंक, कोणाला, केव्हा व कितीला विकले आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक, एवढे एका ओळीत लिहावे. पिन मात्र वहीत कधीही उतरवू नये. कार्ड ज्या ईमेलने आले तो जपून ठेवावा आणि कोड देण्यापूर्वी शिल्लक दाखवणारा स्क्रीनशॉट तारखेसह घ्यावा, कारण ‘कार्ड रिकामे निघाले’ असा वाद होऊ शकतो. नियमित विक्रीतला नफा करपात्र असतो. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवावी.