वाचकांचे प्रश्न : युद्ध ठरवतं कोण, सरकार की शेठजी?

प्रश्न : ताई, अंबाझरीला सकाळी फिरणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये रोज एकच वाद सुरू आहे. एक काका म्हणतात जगातली सगळी युद्धं चार-पाच श्रीमंत घराणी ठरवतात, सरकारं नुसत्या बाहुल्या. दुसरे म्हणतात असं काही नसते, देशाच्या इज्जतीसाठी लढाई होते. पुराव्यासकट सांगा ना.
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : दादा, ते चार-पाच घराण्यांचं डोक्यातून काढूनच टाका, त्याला पुरावा शून्य आणि बरेचदा एखाद्या समाजाविरुद्ध विष पसरवायलाच ते वापरतात. पण पैसेवाल्यांचा हात नसतोच हेही साफ खोटं. पहिलं अफूचं युद्ध घ्या, त्यात आपला माळवा आणि मुंबई पण आहे.

चीनमध्ये अफूला बंदी होती तरी इंग्रज व्यापारी चोरून विकत होते. माल आपल्याकडचा, बिहारचा ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्त्यातल्या लिलावातून आणि माळव्याचा मुंबई बंदरातून, मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय सुद्धा या धंद्यात मोठे होते, तेच जे. जे. हॉस्पिटलवाले. 1839 मध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने कँटन या चीनच्या बंदरात इंग्रज व्यापाऱ्यांना कोंडून धरलं आणि माल मागितला. आता इथे नीट लक्ष द्या. तिथला इंग्रज अधिकारी चार्ल्स एलियट व्यापाऱ्यांना म्हणाला, माल माझ्या हवाली करा, भरपाई ब्रिटिश सरकार देईल. झालं! अफूच्या 20,283 पेट्या गेल्या, लिनने जवळच्या हुमेनला खड्ड्यांत पाणी, मीठ, चुना टाकून त्या नष्ट केल्या, आणि काल जे तस्करांचं नुकसान होतं ते एका शब्दावर सरकारचं देणं होऊन बसलं. सरकारी तिजोरीतून द्यायची कोणाची तयारी नाही, मग वसूल करायचं ते चीनकडूनच आणि चीन काही सुखासुखी देणार नाही.

तेवढ्यात विल्यम जार्डिन, म्हणजे अफूच्या धंद्यातलं सगळ्यात वजनदार नाव, लंडनला जाऊन परराष्ट्रमंत्री पामर्स्टनला भेटला, नकाशे दिले, किती जहाजं आणि किती सैन्य लागेल तेही सांगितलं. सगळे इंग्रज गप्प बसले असं नाही हं, ग्लॅडस्टन नावाचा विरोधी खासदार संसदेत या युद्धाला अन्यायाचं युद्ध म्हणाला, पण 1840 मध्ये सरकारविरुद्धचा ठराव 271 विरुद्ध 262 असा फक्त 9 मतांनी पडला. पुढच्या वर्षी जार्डिन स्वतःच खासदार. 1842 च्या नानकिंग तहात चीनकडून 2 कोटी 10 लाख डॉलर उकळले, त्यातले 60 लाख अफूचे, वर हाँगकाँग. आणि मरायला कोण गेलं, तर गोऱ्या सैनिकांसोबत मद्रास आणि बंगालचे आपले शिपाई, ज्यांचा त्या पेट्यांशी काडीचा संबंध नव्हता. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

पण श्रीमंतांना नेहमी युद्धच पाहिजे असते असंही नाही. 1914 च्या जुलैमध्ये लंडनचे बँकवाले युद्धाच्या नावानेच घाबरले होते, 31 जुलैला शेअर बाजार बंद करावा लागला. त्यांचा पैसा शांततेत अडकला होता, जार्डिनचा अफूत. म्हणून मी घराण्याचं नाव विचारत नाही, कोणाचं नुकसान सरकारने स्वतःच्या अंगावर घेतलं ते शोधते.

प्रश्न : मग अमेरिका पहिल्या महायुद्धात मॉर्गन बँकेमुळे उतरली हे खरं का?
– एक विद्यार्थिनी, धंतोली

उत्तर : अर्धंच खरं. 1915 पासून मॉर्गन ब्रिटनची खरेदी एजंट होती, जवळपास 3 अब्ज डॉलरचा माल आणि त्यावर 1 टक्का कमिशन, शिवाय त्याच वर्षी इंग्लंड-फ्रान्सला 50 कोटी डॉलरचं कर्ज उभं करून दिलं. इंग्लंड हरलं असतं तर भरपूर पैसा बुडला असता. पण एप्रिल 1917 मध्ये अमेरिका उतरली त्याच्या आधी जर्मन पाणबुड्यांनी सरसकट जहाजं बुडवायला सुरुवात केली होती, ते विसरून कसं चालेल. 1934 ला अमेरिकेचे सिनेटर जेराल्ड नाय यांच्या समितीने या सगळ्याची चौकशी सुरू केली, 1936 च्या जानेवारीत बँकेचा मालक मॉर्गन यालाच समोर बसवून जबाब घेतला, नफ्याचे कागद ढीगभर निघाले, कट मात्र सिद्ध झाला नाही. तरी या चौकशीने लोक इतके खवळले की 1935 ला लढणाऱ्या देशांना शस्त्रं विकायला आणि 1936 ला कर्ज द्यायला अमेरिकेने कायद्यानेच बंदी घातली.