खुनाच्या गोष्टी आणि फटकळ बायका

फटकळ नायिकांच्या खुनाच्या गोष्टी वाचायच्या तर सुरुवात ‘वन फॉर द मनी’ या कादंबरीपासूनच कर. जॅनेट इव्हानोविचची ही मालिका 1994 मध्ये सुरू झाली. नोकरी गेलेली स्टेफनी प्लम जामिनावर सुटून पसार झालेल्यांना पकडायचं काम पत्करते. पिस्तूल ठेवते बिस्किटांच्या बरणीत! आणि तिची आजी मझूर! अनोळखी माणसांच्याही अंत्यदर्शनाला हौसेने जाणारी अशी म्हातारी मला दुसरीकडे कुठे भेटली नाही. पुस्तकं क्रमानेच वाच, नाहीतर मोरेली या पोलिसाशी स्टेफनीचं नेमकं काय बिनसलंय ते कळत नाही. पुढेपुढे मात्र तोचतोचपणा येतो, तेव्हा खुशाल थांब.

मग एम. सी. बीटनची अगाथा रेझिन. लंडनचा धंदा विकून खेड्यात आलेली ही बाई विकतचा कीश (अंड्या-सायीचा खारा पाय) स्वतःचा म्हणून स्पर्धेत मांडते आणि तो खाऊन परीक्षकच मरतो. म्हापशाच्या बेकरीतली बेबिंका वाड्यावरच्या स्पर्धेत घरची म्हणून ठेवावी, तसंच हे. बाई तापट, हट्टी, पण आतून एकटी. म्हणून ती मला स्टेफनीपेक्षाही जवळची वाटते.

विकत घेण्याआधी पणजीत पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात चौकशी कर. इंग्रजी जड जात असेल तर बीटन आधी घे. तिची पुस्तकं छोटी आहेत, भाषाही सरळ.