‘निगेटिव्ह फीडबॅक’ म्हणजे ‘नकारात्मक अभिप्राय’ का?

खानापूरच्या एका बाईंनी विचारलंय. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आता पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स घेतलेल्या मुलांसाठी त्या जनुकांवर टिपण लिहिताहेत. ‘निगेटिव्ह फीडबॅकमुळे जीन एक्स्प्रेशनमधला नॉइज कमी होतो’ याचं त्यांनी ‘नकारात्मक अभिप्रायामुळे जनुकाच्या अभिव्यक्तीतला गोंगाट कमी होतो’ असं केलं. चालेल का?

बाई, नाही चालणार. अभिप्राय माणसं देतात, तोही शेरेबुकात. पेशीत जनुकावरून प्रथिन तयार होतं, ती त्या जनुकाची अभिव्यक्ती. इथे हा तयार झालेला मालच मागे येऊन कारखान्याचा हात धरतो. त्याला बी.एड.च्या पुस्तकांतला ‘प्रत्याभरण’ शब्द घ्या आणि त्याआधी गणितातला ‘ऋण’ लावा. ‘नकारात्मक’ म्हटलं की मुलांना काहीतरी वाईट वाटतं. ‘ऋण’मध्ये फक्त उलटी दिशा आहे. शिवाय कन्नड शाळेतून आलेल्या मुलांनाही तो ओळखीचा, कारण कन्नड गणितातही ऋण आणि धनच आहेत.

मुलांना गच्चीवरची टाकी उघडून दाखवा. पाणी चढतं तसा फ्लोटचा गोळा वर येतो, दांडी नळ दाबत जाते, धार बारीक होते. पाणी उतरलं की नळ पुन्हा सुटतो. काही प्रथिनं तशीच स्वतःच्या जनुकावर जाऊन बसतात आणि त्याला आवरतात.

‘गोंगाट’ मात्र काढाच. पेशीत एखाद्या जनुकाच्या एक-दोनच प्रती, त्यांच्या नकला, म्हणजे आरएनएचे रेणूही मोजके. म्हणून प्रथिनं पावसाच्या सरींसारखी येतात, एक दणकून सर, मग उघडीप. एकाच भांड्यात वाढलेल्या, एकाच वाणाच्या दोन जिवाणूंतही त्यांचं प्रमाण जुळत नाही. हे ‘यादृच्छिक’, म्हणजे योगायोगाने होणारे, ‘चढउतार’. २००० साली बेक्स्केई आणि सेरानो या शास्त्रज्ञांनी ई. कोलाय जिवाणूत स्वतःलाच रोखणारं जनुक बसवलं, तेव्हा पेशीपेशींतला हा फरक घटला.

धन प्रत्याभरण उलट वागतं. मंडपात माइक स्पीकरसमोर गेला की बारीकशा आवाजाची कशी कानठळ्या बसवणारी शिट्टी होते, तसं. योगायोगाने आलेली छोटी सर स्वतःलाच वाढवत नेते, आणि एक पेशी पूर्ण चालू तर शेजारची पूर्ण बंद राहते. जिवाणूंतल्या दुग्धशर्करा पचवणाऱ्या जनुकांबाबत नोविक आणि वाइनर यांनी हे १९५७ मध्येच दाखवलं होतं.

एक दुरुस्ती आशयातही हवी. फ्लोट अडकून उशिरा हलला तर टाकी ओसंडते. पेशीतही उशीर मोठा असेल तर ऋण प्रत्याभरणामुळेच प्रथिनाचं प्रमाण हेलकावे खाऊ शकतं. म्हणून मी असं लिहीन: ‘ऋण प्रत्याभरण वेळेवर पोचलं, तर जनुकाच्या अभिव्यक्तीतले यादृच्छिक चढउतार आवरतात.’ शेजारी ‘निगेटिव्ह फीडबॅक’ही असू द्या, पोरांना पेपर इंग्रजीतच लिहायचाय.