वहीतल्या फुल्या

प्रिय सूनबाई, इंदूर

पत्र पोचलं. मला मावशी म्हटलंस, म्हणून मीही सरळ अगंतुगं करते.

दोन वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती शिबिरात तुझं मन हललं. तेव्हापासून पहाटे चारला उठून शास्त्रवाचन आणि प्रार्थना, आणि रात्री वहीत राग, चहाडी, आळस असे रकाने आखून त्यात बरोबर किंवा फुली. तरीही गेल्या रविवारी उपासनेहून आल्यावर, पोह्यांवर शेव आधीच घालून मऊ केली म्हणून सासूबाईंवर ओरडलीस. ‘माझी आत्मिक वाढ खुंटली का?’ असं विचारतेस.

वाढीचं नंतर बघू, आधी तुझी झोप झालेली नाही. चारला उठायचं, दोन डबे, नोकरी आणि रात्री अकराला वही! अशा बाईला शेवेवरून राग येणारच, उगाच सैतानाला कशाला मध्ये ओढतेस? बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातला तो माणूस आठव. बी टाकतो आणि रात्री चक्क झोपतो. बी कसं वाढतं ते त्याला ठाऊकही नसतं. आधी पातं, मग कणीस, मग भरलेला दाणा. तुमच्या माळव्यात दिवाळीच्या सुमाराला पेरलेला गहू होळीच्या आगेमागे कापतात. मधल्या थंडीत शेतकरी पाणी देतो, पण पातं ओढून लांब करत नाही. तू सहाला ऊठ.

आता वही. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातल्या परुश्याचाही, म्हणजे त्या कर्मठ पंथाच्या यहुद्याचाही, हिशेब चोख होता: आठवड्यातून दोनदा उपास, उत्पन्नाचा दशमांश. पण नजर सगळी मागे उभ्या असलेल्या जकातदारावर, लोक ज्याला पापी म्हणत त्याच्यावर. रागावू नकोस, पण तुमच्या चर्चच्या मंडळीतली ती नवी मुलगी, ‘सहा महिन्यांत साक्षसुद्धा द्यायला लागली’ (म्हणजे सगळ्यांसमोर आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगायला लागली) ती, तुझ्या पत्रात चार वेळा आली आहे. सासूबाईंचे दुखरे गुडघे एकदाच. वहीत मत्सराचा रकाना आहे का गं? (माझ्या वहीत नव्हता. सोयीनं विसरले होते.)

कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला 1895 साली, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 साली. मधल्या पाच वर्षांत लक्ष्मीबाईंचं रडणं झालं, ताटातूट झाली, सोवळंही एका झटक्यात सुटलं नाही. त्या रोज रात्री वही घेऊन बसल्या असत्या, तर नुसत्या फुल्याच दिसल्या असत्या.

तेव्हा वही ईस्टरपर्यंत कपाटात ठेव, साड्यांच्या खाली. त्या मुलीचं नाव घेऊन रोज प्रार्थना कर. पहिले काही दिवस दात-ओठ खाऊनच होईल, होऊ दे. आणि आज संध्याकाळी सासूबाईंना ‘चुकलं माझं’ म्हण. पुढे ‘पण तुम्हीसुद्धा’ जोडू नकोस. त्या बहुतेक वर बघणारही नाहीत, ‘असू दे, चहा टाक’ म्हणतील.

टाक.

तुझी मावशी