घरात पाच महिन्यांचं बाळ आहे, परसात कोंबड्या पाळायला आत्ता सुरुवात करावी का?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात विजापूर रोडला स्वतःचं घर आहे, मागे थोडी मोकळी जागा आहे, बाळ पाच महिन्यांचं आहे. सहा महिने झाले की त्याला घरचं अंडं मिळावं म्हणून चार-पाच कोंबड्या आणायच्या आहेत, आणि सासूबाई म्हणतात, लेकरू मोठं होऊ दे, मग बघू.

माझं मत, पाळा. पण एक दिवसाची पिल्लं आणू नका, तलंगा आणा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या. आणि बाळाची जागा वेगळी, कोंबड्यांची जागा वेगळी, हे पहिल्या दिवसापासून पक्कं ठेवा. आमच्या घरी जुळे सोलापुरात लेकरू रांगत होतं तेव्हाही कोंबड्या होत्या, आजही आहेत, म्हणून सांगते.

पिल्लं का नको, ते आधी. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती थोडी थोडी कमी करायची. म्हणजे खोकं, बल्ब, भुसा. बाहेर मांजराची भीती, म्हणून ते खोकं हमखास घरात येतं, हॉलच्या कोपऱ्यात नाहीतर स्वयंपाकघरात. मग पिसांचा धुरळा, वास, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण पिल्लू हातात घेतो आणि त्याच हाताने बाळाला उचलतो. शिवाय लसी: पहिल्या आठवड्यात मानमोडी रोगासाठी लासोटाचे थेंब, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो रोगाची, पुढे देवीची. बाळाच्या इंजेक्शनांच्या तारखा सांभाळताना हे कोण बघणार? आणि लस चुकली नि मानमोडी आली तर खुराडं रिकामं होतं. वर निम्मी पिल्लं नर निघतात ते वेगळंच.

त्यापेक्षा अडीच-तीन महिन्यांच्या तलंगा घ्या. कुठल्या लसी कधी दिल्या ते विक्रेत्याला विचारा. तारखा सांगता येत नसतील तर तिथून घेऊ नका. पैसे जास्त जातील, पण मरतूक कमी होते. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते आणि मधेच खुडूक बसते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते, पण काटक असते. ग्रामप्रिया ही सुधारित जात अंडी बरीच जास्त देते. दोन्ही मिसळून घ्या. कडकनाथचा मोह नको, महाग आणि अंडी कमी. कोंबडा तर अजिबात नको. अंड्यासाठी तो लागत नाही, पहाटे बाळाची झोप मोडतो, आणि चालायला लागलेल्या पोराच्या अंगावर धावून येतो. त्याची नखी बरोबर पोराच्या तोंडाच्या उंचीला लागते.

अंड्याची घाई मात्र करू नका. तलंग अंड्यावर येते पाच-सहा महिन्यांची झाल्यावर. तोवर दुकानातलं अंडं बाळाला तेवढंच चांगलं. घरचं असो की दुकानातलं, पिवळा-पांढरा दोन्ही घट्ट होईपर्यंत उकडलेलं, सुरुवातीला अगदी थोडं, आणि बाळाच्या डॉक्टरांना विचारून.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. कोंबडीच्या पोटात साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो, आणि कोंबडी मात्र ठणठणीत दिसते. तो विष्ठेतून पायांना, पिसांना, अंड्याच्या कवचाला, जमिनीला लागतो. मोठ्या माणसाचं बहुतेक वेळा काही दिवस पोट बिघडून भागतं, वर्षाच्या आतल्या बाळाला ताप आणि जुलाबाने दवाखान्यात न्यावं लागू शकतं. पाच वर्षांखालच्या मुलांनी कोंबड्या-पिल्लं हाताळू नयेत, असं डॉक्टर सांगतात ते यासाठीच.

घरात जंतू शिरायचा एक सहज न दिसणारा रस्ता म्हणजे चप्पल. मागच्या दारातून आत आल्यावर एकदा चप्पल उलटी करून बघा. तळव्याच्या खाचांत ओली विष्ठा आणि भुसा गच्च बसलेला असतो, आणि त्याच फरशीवर बाळ रांगतं, बोट तोंडात घालतं. म्हणून खुराड्याची चप्पल वेगळी, ती दाराबाहेरच राहील. साबण आणि पाण्याची बादली बाहेरच ठेवा, आत येण्याआधी हात धुवायचे. कोंबड्यांची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. जमलं तर कोंबड्यांचं काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या, आणि बाळाला भरवणारं माणूस दुसरं असलं तर फारच बरं. अंगणात पाच-सहा फूट उंचीची जाळी मारून कोंबड्यांचा भाग तोडा. त्यांना घराच्या पायरीपर्यंत मोकळं सोडायचंच नाही. बाळाला कडेवर घेऊन जाळीबाहेरून दाखवा, त्याला तेवढ्यातही भारी मजा वाटते. भाकरीचा तुकडा हातात असलेलं पोर जाळीच्या आत कधीच नको, कोंबडी तुकड्यासकट बोट टोचते. आणि बाळाला ताप-जुलाब झालेच तर डॉक्टरांना घरी कोंबड्या आहेत हे आपणहून सांगा.

सोलापूरचा उन्हाळा ही दुसरी परीक्षा. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, अंडी कमी होतात, पत्र्याखाली तर मरतातही. म्हणून खुराडं कडुलिंबाच्या सावलीत घ्या आणि पत्र्यावर ज्वारीचा कडबा जाड अंथरा. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे दुपारी बाजूंना ओलं गोणपाट लावलं की आत चांगला फरक पडतो. दाणा पहाटे आणि संध्याकाळी, भर दुपारी नाही. पाणी मातीच्या भांड्यात, दिवसातून दोनदा बदलून. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा कोंबड्यांचा वेगळा पिंप भरून ठेवा. हे सगळं बघता तलंगा दसरा-दिवाळीच्या सुमारास आणा, उन्हाळ्यापर्यंत त्या जागेला रुळतात. मार्चनंतर अजिबात नको.

खाद्य सोपं आहे. ज्वारी-बाजरी, मक्याचा भरडा, भाजीचा पाला, अंड्यावर आल्या की लेयर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, आणि शिंपल्यांचा चुरा. बुरशी लागलेले शेंगदाणे किंवा मका कधीच टाकू नका, त्यातल्या विषाने कोंबड्या मरतात. रात्री मुंगूस आणि घुशींपासून जपायचं असेल तर बारीक वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली जाड तारेची जाळी लावा, ती फूटभर जमिनीत गाडा. साधी कोंबडजाळी पुरत नाही.

शेजारी शाकाहारी असतील तर आणण्याआधी त्यांच्याशी बोलून घ्या आणि महापालिकेत नियम विचारा. एकदम दोन-तीन कोंबड्या मेल्या तर उकिरड्यावर टाकू नका, जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मागच्या जागेत दुपारचं ऊन कुठल्या बाजूने येतं आणि बाळाच्या खोलीची खिडकी कुठे आहे ते लिहा, खुराडं कुठे घ्यायचं ते सांगते.