रोबोटिक्स इंजिनिअर व्हायला 'रोबोटिक्स' नावाचीच डिग्री लागते का?

तुम्ही मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि रोबोटिक्स शाखेची डिग्री नसेल तर या क्षेत्रात शिरता येईल का, असं विचारलंय. येईल. मी चाकण परिसरातल्या कारखान्यांत वेल्डिंग रोबो बसवण्याचं काम करतो. माझ्या टीममध्ये मेकॅनिकलवाले आहेत, इलेक्ट्रिकलवाले आहेत, इन्स्ट्रुमेंटेशनवाले आहेत. रोबोटिक्सची डिग्री कुणाकडेच नाही.

फॅनक, कूका, एबीबी, यास्कावा हे रोबो बनवतात, पण तो रोबो कारखान्यात उभा करून चालू करून देणं हे बहुतेक वेळा सिस्टिम इंटिग्रेटर कंपन्यांचं काम असतं. डिप्लोमावाल्यासाठी सर्वांत जवळची वाट तीच. टीच पेंडंटवर, म्हणजे रोबो चालवायच्या हातातल्या रिमोटवर, पॉइंट शिकवायचे, पीएलसीशी (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरशी) सिग्नल जुळवायचे, ग्रिपर (वस्तू पकडणारा पंजा) आणि फिक्स्चर (वस्तू जागेवर धरणारी चौकट) बसवायचं, सेफ्टीचे इंटरलॉक, म्हणजे धोका असला की रोबो थांबवणारी जोडणी, तपासायचे. या कामाला कॉलेजात कमी लेखतात, ते मला अजिबात पटत नाही. मनगटाचे दोन अक्ष एका रेषेत आले की सरळ रेषेत चाललेला रोबो मध्येच एरर देऊन थांबतो. याला सिंग्युलॅरिटी म्हणतात, आणि ती एकदा समोर घडताना पाहिली की सांध्यांचा वेग आणि हाताच्या टोकाचा वेग जोडणारं जॅकोबियन मॅट्रिक्स कशासाठी शिकायचं ते कुणी सांगावं लागत नाही. मात्र लाइन बंद असते तेव्हाच रोबो बसवायला मिळतो, त्यामुळे गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या बऱ्याचदा कारखान्यात जातात. घरी आधीच सांगून ठेवा.

मोबाइल रोबो, ड्रोन किंवा संशोधनाकडे ओढा असेल तर डिप्लोमावर थांबू नका. थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्या. शाखा मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर यांपैकी कुठलीही चालेल, पण लिनिअर अल्जेब्रा आणि कंट्रोल सिस्टिम्स मनापासून करा. सोबत सी++, पायथन या भाषा आणि आरओएस २ हे रोबोचे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर. हे सगळं उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवर फुकट मिळतं, आणि कॉम्प्युटरवरच रोबो चालवून बघायला गॅझेबो सिम्युलेटर असल्यामुळे सुरुवातीला रोबो विकत घ्यावा लागत नाही. जुने व्हिडिओ पाहून आरओएस १ शिकत बसू नका. त्याच्या शेवटच्या आवृत्तीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. पुढे गेट देऊन एम.टेक. करता येतं, आयआयटी मुंबईत सिस्टिम्स अँड कंट्रोलचं स्वतंत्र केंद्रच आहे. तिथल्याच ई-यंत्र या रोबोटिक्स स्पर्धेकडेही लक्ष ठेवा. कॉलेजची रोबोकॉन (कॉलेजांची रोबो बनवण्याची स्पर्धा) टीम असेल तर तिच्यात घुसाच.

महागड्या सर्टिफिकेट कोर्सला पैसे भरण्याआधी एकच विचारा: प्रत्यक्ष रोबोवर मला किती तास मिळणार? आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तयार किट घेऊ नका. दोन सांध्यांचा साधा हात बनवा. त्याची इन्व्हर्स कायनेमॅटिक्स, म्हणजे टोक हव्या त्या बिंदूवर न्यायला प्रत्येक सांधा किती वळवायचा याचं गणित, स्वतः कागदावर मांडा, एन्कोडर (किती फिरलं ते मोजणारा सेन्सर) असलेल्या मोटर लावा आणि तो त्याच बिंदूवर परत येताना किती मिलिमीटर चुकतो ते मोजा. मुलाखतीला आलेल्या मुलांना मी पहिला प्रश्न ही चूक का होते याबद्दलच विचारतो.