वाचकांचे प्रश्न : वाईच्या आळ्या

प्रश्न : वाई एका दिवसात नीट कशी पाहावी?

उत्तर : कृष्णाकाठाने चालत, आळीआळीने. गणपती आळी, मधली आळी, रामडोह, गंगापुरी, धर्मपुरी… प्रत्येकीचा घाट वेगळा आणि कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सवही वेगळा. एकाच दिवशी सगळे उत्सव दिसणार नाहीत. ढोल्या गणपतीचं देऊळ पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. त्याची मागची भिंत जरूर पाहा : माशासारखी निमुळती, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी जावं म्हणून. दर्शन घेऊन परतणाऱ्यांकडून नेमकी हीच पाहायची राहते. मराठी विश्वकोशाचं काम वाईतूनच चालत आलं. गावाचं पोट भरतं ऊस, हळद आणि बाजारपेठेवर; सिनेमांच्या चित्रीकरणाची मिळकत वरकड. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा गावाबाहेर आहे, त्याला वेगळा वेळ ठेवा. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या निसरड्या होतात.